साहेबाचं ब्लँकेट

“मळ हा काही कुणाचा नातेवाईक नव्हे, की त्याला घरात ठेवून घ्यावा,” असं आत्या एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती. गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्लीतला बेकरीवाला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की कामावरचा कोट फार घासू नका, उद्या पुन्हा पिठातच लोळायचं आहे. आत्याने कोट नाकाशी नेला, वास घेतला, हे वाक्य म्हटलं आणि कोट टोपलीत टाकला. बेकरीवाला पुढे कित्येक वर्षं लोकांना हा प्रसंग हावभावांसकट करून दाखवत असे.

आत्याची लाँड्री चौकाच्या कोपऱ्यावर होती. एक लांबट खोली, तिच्यावर राहायच्या तीन खोल्या. मी काही वर्षं तिथे राहिलो. माझ्याकडे काम एकच होतं, चादरीची दुसरी दोन टोकं धरायचं. लाँड्रीच्या मधोमध जमिनीवर एक हिरवी रेघ होती. रेघेच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, मळकं, पलीकडे धुतलेलं. मळका कपडा रेघ ओलांडून जाई तो थेट यंत्रातच, आणि धुतलेला कपडा अलीकडे येई तो कागदात बांधूनच. काका, म्हणजे आत्याचे यजमान, वाफेची इस्त्री चालवायचे. त्यांनासुद्धा रेघेपाशी चपला बदलाव्या लागत. जगात दोनच बाजू आहेत असं मानणाऱ्या माणसांची मला एरवी भीती वाटते. आत्याची वाटत नसे, कारण तिची रेघ डोळ्यांना दिसत होती आणि पुसट झाली की ती स्वतः गुडघ्यांवर बसून तिच्यावरून ब्रश फिरवायची.

पलीकडच्या बाजूला, सर्वांत आत, एक फळी होती. तिच्यावर लोकांनी न नेलेले कपडे असत. कुणी गाव सोडून गेलेला, कुणी विसरलेला, कुणी बहुधा मेलेला. आत्या ते विकत नसे, कुणाला देत नसे. अधूनमधून काढून झटकायची आणि पुन्हा घडी घालायची. “यायचा असेल तो येईल,” म्हणायची, “आपल्याकडून हरवायला नको.”

आणि दोन कुत्री. बटण म्हातारी होती, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, आकाराने उशीएवढी आणि स्वभावाने शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी. पिल्लू असताना एका डॉक्टरच्या कोटाचं बटण गिळून ती त्याच डॉक्टरच्या दारात गेली होती, नाव तेव्हापासूनचं. कॉलर तरणा, पिवळा, गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला, अक्कल बेताची, पण प्रेम भरपूर. दोघांनाही रेघेच्या पलीकडे मुभा होती, कारण दोघांनाही दर शनिवारी आंघोळ घातली जाई आणि त्यांच्या गाद्यांच्या खोळी हॉटेलच्या चादरींइतक्याच कडक धुतल्या जात.

“या घरात माझा नंबर कॉलरनंतर लागतो,” काका म्हणायचे. “तोवर पाणी गार झालेलं असतं.”

“तुम्ही कमी अंग झटकता, एवढंच तुमचं कौतुक,” आत्या म्हणायची.

कालव्याजवळ मोकाट आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांचा एक निवारा होता. तिथली पांघरुणं आत्या फुकट धुऊन द्यायची. गठ्ठा पोचवायला स्वतः जायची, कारण तिला तिथे बसायचं असे. तिथे एक मोठा तपकिरी कुत्रा होता, एक कान फाटलेला, तोंडावर पिकलेले केस. पुढचे दोन्ही पाय एकावर एक ठेवून तो असा बसायचा, जणू तुमची तक्रार ऐकून घेतोय पण शब्द देत नाही. काकांनी त्याला पाहिल्या पाहिल्या साहेब म्हटलं, आणि ते चिकटलं. त्याचा मालक एकटा राहणारा सुतार होता. तो गेला. त्याच्या दुकानातून कुत्रा आणि एक चौकडीचं ब्लँकेट, एवढंच निवाऱ्यात आलं. आत्याला तो कुत्रा आवडला होता, आणि ते ब्लँकेट डोळ्यांत खुपत होतं. दर गठ्ठ्यात ती ते शोधायची आणि ते कधीच नसायचं.

“मॅडम, तुमची माणसं कामचुकार आहेत. साहेबाचं ब्लँकेट एकदाही धुवायला आलेलं नाही.”

निवाऱ्यातल्या मॅडम हसून विषय बदलत. पुढे आत्याने साहेबाला घरी न्यायचं म्हटलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

“ताई, बसा जरा. मोठं कुत्रं नेणं म्हणजे पिल्लू नेणं नव्हे. पिल्लू नुसतं घरात येतं. हे एक घर सोडून आलेलं असतं. दोन घरांनी याला परत आणून सोडलंय. जेवेना, दाराशी बसून राहायचा. त्या लोकांचं तरी काय चुकलं? पण परत येतो तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही हो. आता तिसऱ्यांदा परत आला, तर मी याला पुन्हा कुणाकडे देणार नाही. इथेच राहील जाईपर्यंत.”

“आमच्याकडून वस्तू परत जात नाही,” आत्या म्हणाली. “न्यायला कुणी आलं नाही तरी आम्ही ठेवतो.”

“तसं नाही. मी रविवारी येऊन बघेन. खात असेल, तुमच्या दोन्ही कुत्र्यांशी जमत असेल, तर राहू दे. नाहीतर घेऊन जाईन, आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि हे ब्लँकेट तेवढं त्याच्याजवळ असू द्या. मागच्या दोन्ही घरांना घाण वाटलं, त्यांनी नेलंच नाही.”

आत्याने ब्लँकेट दोन्ही हातांत घेतलं. त्याच्यावर पॉलिशचे डाग होते, सरसाचे कडक ठिपके होते, लोकरीत भुसा अडकला होता. तिचा चेहरा उजळला. मॅडमना वाटलं, प्रेमाने.

ओळखपरेड रस्त्यावरच करायची, असं मॅडमनी बजावलं होतं. घरात एकदम नेलं तर घरातली कुत्री जागेसाठी भांडतात. म्हणून काका बटण आणि कॉलरला घेऊन रस्त्याच्या एका कडेने निघाले आणि आत्या साहेबाला घेऊन दुसऱ्या. शेजारचा न्हावी हातातली कात्री तशीच ठेवून दारात आला.

“वहिनी, एवढं लांबून चालवताय, बघण्याचा कार्यक्रम आहे की काय?”

“तुमच्या गिऱ्हाइकाचा एकच कान मोकळा झालाय. दुसरा करा आधी.”

कॉलरने शेपटी इतकी हलवली की त्याचं मागचं अंग रस्त्याच्या मधोमध जाऊ लागलं. बटण एकदाच भुंकली, त्रासिकपणे, जसं कुणी उशिरा आलेल्याला घड्याळ दाखवतं. साहेबाने दोघांकडे पाहिलं आणि दिव्याच्या खांबाचा वास घेतला. तिसऱ्या चौकापर्यंत तिघं एकाच कडेला आली होती.

पहिला दिवस बरा गेला. साहेब आपल्या ब्लँकेटवर बसला, रेघेच्या अलीकडे, टोपल्यांजवळ. आंघोळ झालेली नसल्यामुळे त्याला पलीकडे मुभा नव्हती. संध्याकाळी त्याने भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं. सगळं नाही, पण अंडं पूर्ण. आत्याने हाक मारून मला वरून खाली बोलावलं आणि ताटली दाखवली. बटण त्याला पाण्यात पाहत होती. त्याच्या ब्लँकेटला वळसा घालून जायची आणि प्रत्येक वळशाला गुरगुरायची. कॉलरने आपला चेंडू आणून त्याच्या पायांपाशी ठेवला, मग त्याला तो आवडला नसेल या काळजीने परत उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिघांना फिरायला घेऊन गेले, आणि आत्याने ब्लँकेट धुतलं.

यात तिला काही वावगं वाटणं शक्यच नव्हतं. बायका सुनेला नवं लुगडं घेतात तसं तिने ते केलं. आधी भुसा ब्रशने झाडला. सरसाचे ठिपके कोमट पाण्याने मऊ करून नखाने सोडवले. पॉलिशचे डाग बोळ्याने टिपून टिपून, लोकर न दुखवता काढले. मग हाताने, थंड पाण्यात, सौम्य साबणाने. मी जिन्यावरून पाहत होतो. इतकं जीव लावून काम करणारं माणूस पाहताना कुणाच्याही मनात शंका येत नाही. मंद उबेत वाळवून, वाफ देऊन तिने ते टोपल्यांजवळ अंथरलं. चौकड्या लाल आणि निळ्या होत्या, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

साहेब फिरून आला. ब्लँकेटपाशी गेला, वास घेतला, कोपऱ्याकोपऱ्याने घेतला. मग पंजाने ते उचकटून खालची फरशी पाहिली. मग त्याने सगळी लाँड्री शोधली. टोपल्यांमागे, इस्त्रीच्या टेबलाखाली, यंत्रांच्या मागे, जिथे कॉलरही कधी गेला नव्हता. शेवटी दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. पाय एकावर एक ठेवले नाहीत.

त्या संध्याकाळी त्याने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंडं, मासा, दूध, पाव, आत्याच्या ताटातलं, काकांच्या ताटातलं. सगळ्यांवर कॉलरने ताव मारला.

“पोट बिघडलं असेल,” आत्या म्हणाली. तिने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि खांदे उडवले. “तब्येत ठणठणीत आहे. रुसलाय.”

“कुणावर रुसेल? त्याला इथे कुणी काही बोललं नाही.”

न्हाव्याने सल्ला दिला की पंखा बदला, वाऱ्याची दिशा त्याला मानवत नाही. बेकरीवाल्याने बिस्किटं आणली आणि कॉलरचा आयुष्यभराचा मित्र झाला. आत्या हसत होती, पण कपड्यांना चिठ्ठ्या लावताना तिचे हात चुकत होते. हॉटेलच्या उशांच्या खोळी दवाखान्याच्या गठ्ठ्यात गेल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ती सारखी न नेलेल्या कपड्यांच्या फळीकडे जायची आणि उगाच काहीतरी झटकून यायची.

मग एका दुपारी साहेब दाराशी दिसेना. आत्या रस्त्यावर धावली, न्हाव्याकडे डोकावली, कालव्याच्या दिशेने अर्धी गल्ली जाऊन आली. काकांनी हाक मारली, “अगं, इकडे ये. आवाज करू नको.”

रेघेच्या अलीकडच्या सर्वांत मोठ्या टोपलीत, रंगाऱ्यांचे मळके कपडे होते त्यात, साहेब झोपला होता. पार आत शिरून, नाक एका पँटच्या खिशात खुपसून.

“याला आपली धुलाई पसंत नाही बघ,” काका म्हणाले. ते गमतीनेच म्हणाले.

आत्याने चौकडीचं ब्लँकेट उचललं आणि नाकाशी नेलं. हजारो वेळा तिने हे केलं असेल. कापड धुऊन झालं की वास घ्यायचा, आणि कसलाच वास आला नाही की मान हलवायची. या वेळी ती वास घेत राहिली. एक कोपरा, दुसरा कोपरा, मधला भाग. मग ती टोपलीजवळच्या स्टुलावर बसली.

“यात कोणीच नाही हो,” ती म्हणाली.

“कशात?”

“मी काढून टाकला त्याला. त्या सुताराला. नखाने काढला.”

काकांनी इस्त्री बंद केली. रंगाऱ्यांच्या कपड्यांत साहेबाने कूस बदलली.

“मॅडमना फोन करून सांगू या,” काका हळूच म्हणाले.

“सांगेन. आल्या की सांगेन. आत्ता सांगितलं तर आत्ताच घेऊन जातील.”

काका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. तासाभराने ते कुठल्याशा सुताराच्या दुकानातून पिशवीभर भुसा घेऊन आले आणि त्यांनी तो मोठ्या ऐटीत ब्लँकेटवर पसरला. साहेब आला. त्याने वास घेतला, जोरात शिंकला आणि परत टोपलीत गेला. कॉलर मात्र त्या भुशात इतका लोळला की पुढचे दोन दिवस तो चालता फिरता कचरा होता.

“भुसा तोच,” काका खट्टू होऊन म्हणाले.

“सुतार तो नाही,” आत्या म्हणाली.

त्यानंतर तिने जे केलं ते पाहून आख्ख्या चौकाने तोंडात बोट घातलं. तिने भुसा झटकला, ब्लँकेट रेघेच्या अलीकडे अंथरलं आणि त्याच्यावर स्वतः बसली. मळक्या बाजूला, जमिनीवर. तिथेच चहा प्यायली, थोडा सांडला, पुसला नाही. तिथेच बसून कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, बटणं शिवली, गिऱ्हाइकांशी बोलली. ॲप्रन काढून धुवायला टाकायची तिची रोजची वेळ आली आणि गेली. ॲप्रन अंगावरच राहिला. झोपायला जाताना तिने ब्लँकेट खांद्यावर टाकून वर नेलं आणि सकाळी परत आणलं. शनिवारच्या आंघोळी रद्द झाल्या. ही बातमी काकांनी इतक्या आनंदाने सांगितली की जणू त्यांचीच शिक्षा माफ झाली होती.

“वहिनी, ॲप्रनवर डाग आहे,” न्हावी दारातून म्हणाला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

“दिसतोय मला.”

“चहाचा आहे.”

“आणि हा माशाचा आहे. ही पावडर आहे, आणि हा घाम आहे. अजून काही?”

न्हावी निमूटपणे गेला. मला वाटलं होतं, ती हे सगळं दात ओठ खात करत असेल. तसं नव्हतं. मांडी घालून, ब्लँकेटच्या मधोमध, ती एखाद्या सहलीला आल्यासारखी बसायची. रेघेच्या अलीकडे अशी बसून तिची लाँड्री तिने इतक्या वर्षांत बहुतेक कधी पाहिलीच नव्हती.

पहिली आली ती बटण. ती पलीकडून रेघेपर्यंत आली, आत्याकडे असं पाहिलं की ही काय नवी थेरं, आणि मग नाइलाज असल्यासारखी येऊन तिच्या मांडीला पाठ लावून बसली. मग कॉलर, अंगभर भुसा घेऊन. आत्याने दोघांनाही झटकलं नाही. ब्लँकेटच्या चौकड्या हळूहळू पुन्हा मळत गेल्या.

साहेब टोपलीतून पाहत होता. शुक्रवारी दुपारी तो उतरला. ब्लँकेटच्या कडेला आला, वास घेतला. बटण गुरगुरली, पण सवयीने. त्याने पुढचा एक पाय ब्लँकेटवर ठेवला, मग दुसरा, आणि तसाच, अर्धा आत अर्धा बाहेर, खाली बसला. हनुवटी टेकवली ती आत्याच्या ॲप्रनच्या टोकावर. आत्याचा चहा पार थंड झाला तरी तिने कपाकडे हात नेला नाही. बऱ्याच वेळाने तिने, न हलता, मला खुणेने अंडं आणायला सांगितलं. तिच्या हातून त्याने ते खाल्लं. आत्याने हात पुसला तो ॲप्रनलाच.

रविवारी निवाऱ्याची गाडी दारात उभी राहिली. मॅडम आत आल्या, तिन्ही कुत्री ब्लँकेटवर होती, आणि त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी वाकून ब्लँकेट पाहिलं. पॉलिशचे डाग नव्हते.

“धुतलंत?”

“धुतलं,” आत्या म्हणाली.

“ताई!”

“आल्यावर दुसऱ्याच दिवशी. चांगलं करायला गेले. मग तो जेवेना.”

“आणि आता?”

“परवापासून खातोय,” काका घाईने म्हणाले. “काल तर कॉलरचंसुद्धा खाल्लं. विचारा कॉलरला.”

“परवापासून.” मॅडम स्टुलावर बसल्या. “दुसऱ्या घरीही याने मध्येच दोन दिवस खाल्लं होतं. मग पुन्हा बंद. मला खोटी आशा नको आहे, ताई. तुम्हालाही नको. त्याच्याजवळ ते एकच होतं, आणि तेही गेलं. मी रागावत नाहीये. पण मला कळलं पाहिजे की तो इथे राहतोय, की नुसता थकून बसलाय.”

आत्याने मान खाली घातली.

“मी गाडीचं दार उघडून ठेवते,” मॅडम म्हणाल्या. “मी बोलावणार नाही. तुम्हीही धरून ठेवू नका.”

गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज येताच साहेब उठला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याची शेपटी हलली. बाहेर जाऊन त्याने पुढचे दोन्ही पाय गाडीच्या पायरीवर ठेवले आणि आत डोकावला. न्हावी दारात येऊन उभा राहिला. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की तो पुढे दुखत राहिला.

कुत्री फिरवायची वेळ झाली होती. आत्या उठली. खिळ्यावरचे पट्टे काढले, तिन्ही. मळका ॲप्रन घालून ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. या वेळी तिने तो काढला नाही. बटण आणि कॉलर तिच्या मागे निघाली. ती पायरी उतरली, गाडीच्या बाजूने, मॅडमच्या बाजूने गेली. साहेबाच्या पाठीला तिच्या ॲप्रनचं टोक घासलं असेल नसेल. तिने हाक मारली नाही, चुचकारलं नाही.

साहेबाने गाडीच्या आतला वास घेतला, मग मान वळवून रस्त्यावरचा. एक पाय पायरीवरून खाली घेतला. मग दुसरा. अंग झटकलं आणि त्या ॲप्रनच्या मागे चालू लागला, आधी हळू, मग कॉलरला मागे टाकून. आत्याने वळून पाहिलं नाही. कोपऱ्यावर पोचेपर्यंत फक्त तिच्या हातातला तिसरा पट्टा जरा खाली, साहेबाच्या मानेपाशी आला होता.